बोळकंडीतले दिवाळी अंक

आमच्या घरी मराठी कागदावर भाजी निवडायची नाही, असा नियम होता. नियम माझा. मेथी, पालक, मटारच्या शेंगा, सगळं हिंदी पेपरवर. डब्यांखाली, कपाटाच्या फळ्यांवर, ओल्या चपलांखाली, सगळीकडे हिंदी पेपर. हिंदीशी माझं काही वाकडं नाही, बरं का. जबलपुरातच जन्मले, हिंदीतच शिकले आणि भांडायला लागले की हिंदीच तोंडात येते. पण हिंदी पेपर रोज सकाळी दारात पडतो, मराठी काही पडत नाही. मराठीतला छापील कागद इथं कोणीतरी आणावा लागतो. नागपूरहून येणाऱ्याच्या पिशवीतून, पुण्याच्या लग्नाहून परतताना, नाहीतर टपालानं, तोही कोपरे दुमडलेला. एवढ्या लांबून आलेल्या कागदावर मी गवारीच्या शिरा काढत बसू? माझ्याच्यानं होत नसे.

त्यामुळं मराठी कागद आमच्या घरात यायचा आणि राहायचा. जायचा नाही. दिवाळी अंक तर होतेच. शिवाय मासिकं, साप्ताहिकं, जुनी पंचांगं, भिंतीवरून उतरवलेली कॅलेंडरं, कारण त्यांच्या मागं पाककृती असतात. लग्नपत्रिका, कारण त्या मराठीत असतात. इतकंच काय, पुण्याहून आलेल्या चकल्यांभोवती गुंडाळलेला पेपरसुद्धा मी सरळ करून, तेल टिपून ठेवलेला आहे. हसू नका. त्यात शब्दकोडं होतं आणि ते कोणी सोडवलेलं नव्हतं.

पण घर भरलं ते दिवाळी अंकांनी, आणि त्याला आमची एक पद्धत कारणीभूत होती. इथल्या मराठी घरांनी दर दिवाळीला एकेक वेगळा अंक मागवायचा आणि तो घरोघर फिरवायचा. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातली घरं, रेल्वेच्या क्वार्टरांतली, फॅक्टरीच्या कॉलन्यांतली. आपला वाचून झाला की पुढच्या घरी पोचवायचा. कोणी जास्त दिवस दाबून ठेवला तर पुढच्या घरची बाई सरळ दारात येऊन उभी राहायची. असे फिरत फिरत सगळे अंक होळीच्या सुमारास शेवटच्या घरी यायचे आणि तिथंच राहायचे. शेवटचं घर आमचं. काहून? तर आमच्या घराला बोळकंडी होती.

आमचं घर म्हणजे पुढची खोली, मधली खोली, बाजूला स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीतून थेट मागच्या न्हाणीघरापर्यंत जाणारी लांब, अरुंद बोळकंडी. तिला खिडकी नाही. दिवसाही दिवा लावावा लागतो. घर बांधताना ती जागा अशीच उरली, असं सासरे म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं एक सायकल होती. सायकल गेली, आणि तिच्या जागी मी अंकांची पहिली थप्पी लावली. मग तिच्या शेजारी दुसरी, मग समोरच्या भिंतीला तिसरी.

पुढं पुढं आमच्या या साखळीतली घरं कमी होत गेली. कोणी नागपूरला गेलं, कोणी पोराकडे पुण्याला, कोणी देवाघरी. अंक मात्र वाढतच राहिले. जाणारा प्रत्येक जण आपल्या घरातलं जुनं गाठोडं माझ्या दारात आणून ठेवायचा. "वहिनी, रद्दीत द्यायला जीव होत नाही, तुमच्याकडे राहू द्या." रद्दीत द्यायला जीव होत नव्हता आणि सोबत न्यायलाही जीव होत नव्हता. मी एक बरी सापडले होते सगळ्यांना. पण खरं सांगते, मला आवडायचं ते. गाठोडं सोडलं की त्या त्या घराचा वास यायचा, कुठं डांबराच्या गोळ्यांचा, कुठं हळदीचा.

माझे यजमान या सगळ्यावर एक शब्द बोलले नाहीत. ते इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. समोर आलेल्या मालाकडे बघायचं आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, एवढ्यावर त्यांची रिटायर होईपर्यंतची सगळी नोकरी झाली. बाकीचं बोलण्याचं काम आमच्या घरी माझ्याकडे. रात्रंदिवस मी बोलणार आणि ते "हं" करणार. बोळकंडी भरत गेली तसे ते न्हाणीघरात जाताना आडवे होऊन जायला लागले, खेकड्यासारखे, खांद्यावर टॉवेल टाकून. मीही तशीच जायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पाहुण्यांना वाटायचं, पण पाहुणे काय, चार दिवसांचे.

मग त्या उन्हाळ्यात ते पडले. दुपारची वेळ होती आणि मी लोणच्याच्या कैऱ्या बघायला बाजारात गेले होते. परत आले तर हे बोळकंडीत आडवे. वरच्या थप्पीतले अंक घसरून खाली आले होते, आणि दिवाळी अंकांची कव्हरं कशी गुळगुळीत असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर पाय पडला आणि गेले. मी घाबरून ओरडले तर मलाच म्हणाले, "काही नाही, पाय घसरला." खुब्याचं हाड मोडलं होतं आणि हा माणूस म्हणून राहिला, काही नाही.

ऑपरेशन झालं. मुलगा पुण्याहून धावत आला, दवाखान्यात आमच्याजवळ राहिला, सगळं निस्तरून परत गेला. आमचा एकुलता एक. तिकडे कंप्यूटरची नोकरी, बायको, लहान मुलगी, उंच बिल्डिंगीत फ्लॅट. स्वभावानं चांगला आहे, फक्त आईला समजावायला लागला की आवाज साहेबासारखा होतो. त्यानं जाताना बोळकंडीचा फोटो काढून नेला होता. पुढं हे वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकायला लागले, तेव्हा त्याचा फोन आला.

मी त्याचा फोन नेहमी स्वयंपाकघरात जाऊन घेते, कानाला लावून. स्पीकरवर ठेवत नाही. भांडायचं असलं की स्पीकर बरा नसतो.

"आई, बाबा वॉकर घेऊन त्या बोळकंडीतून जाणार कसे? वॉकर आडवा होतो का?"

"मी धरते ना त्यांना."

"तू धरते! तुझे गुडघे बघ आधी. तू समजून काहून नाही घेत? एक तर ते घर मोकळं कर, नाहीतर दोघं इकडे चला."

मी खूप बोलले. मग तो थकून म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीला मी येतो. तोपर्यंत घर मोकळं झालं असेल तर राहा तिथं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नसेल झालं तर तुम्हाला दोघांना घेऊनच परत जाईन. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हटलं. तावातच होते, आवाज सगळ्या घरभर गेला असणार. "दिवाळीपर्यंत सगळं मोकळं करते. एक कागद ठेवत नाही, बघच तू!"

मला पुण्याला जायचं नव्हतं. सरळच सांगते, मुळीच जायचं नव्हतं. चार दिवस नातीशी खेळायला ठीक आहे. पण राहायला? इथं सकाळी ग्वारीघाटाला जाऊन नर्मदेत पाय बुडवून आलं की माझा दिवस सुरू होतो. इथला भाजीवाला माझ्याशी भांडल्याशिवाय भाव सांगत नाही. आणि पुण्यात मी तोंड उघडलं की समोरचा विचारतो, "तुम्ही नागपूरच्या का?" नाही म्हटलं, जबलपूरची, तर म्हणतो, "अरे वा, तरी मराठी छान बोलता." तरी! आयुष्यभर इथं मी मराठी बाई म्हणून मिरवले आणि तिकडे जाऊन हिंदीवाली व्हायचं? शिवाय तिकडे मराठी कागदावर वडापाव देतात. मी डोळ्यांनी बघितलं आहे.

तेव्हा कामाला लागले. पदर खोचून पहिल्या थप्पीसमोर पाट टाकून बसले, वरचा अंक उचलला, आणि उघडला. तीच चूक झाली. त्यात एका बाईनं लिहिलं होतं की तिच्या सासूबाई वारल्यावर त्यांच्या पिशवीत चणे सापडले. पुढं काय झालं ते बघू म्हणून वाचत गेले. मग दुसरा उघडला. त्यात वार्षिक राशिभविष्य होतं, कधीच्या काळचं. त्या वर्षी मला परदेशगमनाचा योग होता. आठवून बघितलं तर त्या वर्षी आम्ही इथं जवळच्या भेडाघाटला गेलो होतो, तेवढाच काय तो प्रवास. हसत बसले. दुपारी बघितलं तर थप्पीची उंची तेवढीच, फक्त सगळे अंक उलटे झालेले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

हे बोळकंडीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे, शेजारी वॉकर. माझं चाललेलं बघत होते. शेवटी म्हणाले, "असं नाही होणार."

"मग कसं होणार?"

"उभी राहा. बसली की तू वाचते. एकेक उचल, नाव वाच, मला दाखव. मी सांगतो. आत उघडायचं नाही."

"आणि तुम्ही कोण सांगणारे?"

"इन्स्पेक्शन," ते म्हणाले, आणि चश्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

मला हसू आलं. चलो, म्हटलं, बघू या साहेबांची ड्यूटी. उभी राहिले, वरचा अंक उचलून नाव वाचलं. "रिजेक्ट." दुसरा. "रिजेक्ट." तिसरा, ज्यात माझ्या धाकट्या बहिणीची रांगोळी छापून आली होती. "अहो, हा पास करा हो." त्यांनी विचार केला. "रांगोळीचं पान काढून घे. बाकी रिजेक्ट."

असं रोज चालायचं. सकाळी ग्वारीघाटाहून आले की चहा, मग बोळकंडी. मी धूळ खाऊन शिंकत असायची, हे खुर्चीवरून निकाल देत असायचे. मी भांडायची, कधी रुसायची, कधी एखादा अंक गुपचूप पोलक्यात घालायची आणि तो लगेच दिसायचा. "तो पण दाखव." फॅक्टरीत यांच्या हाताखालची माणसं कशी वागत असतील ते मला त्या दिवसांत कळलं. एका मासिकात एक कादंबरी क्रमशः येत होती, तिचा शेवटचा भाग ज्या अंकात होता तो कोणीतरी कधीच परत केला नव्हता. मी तो सगळा गठ्ठा ठेवला होता, शेवटचा भाग कधीतरी सापडेल या आशेवर. "त्या पोरीचं लग्न झालं की नाही ते मला अजून कळलेलं नाही," मी म्हटलं. हे म्हणाले, "झालं असेल. रिजेक्ट."

एक दिवस त्यांचीच थप्पी निघाली. रेडिओ कसे बनवायचे, बिघडलेले कसे दुरुस्त करायचे, अशा हिंदी मासिकांची. तरुणपणी त्यातलंच एक समोर ठेवून यांनी रेडिओ बनवला होता आणि तो कितीतरी वर्षं आमच्या घरात बोलत होता. ती थप्पी मी मुद्दाम मागं सरकवली. म्हटलं, ही नको. त्यांनीच ती पुढं आणायला लावली. एकेक कव्हर नीट बघितलं, हातही फिरवला एकदा.

"ही राहू द्या हो," मी म्हटलं. "एवढ्याशानं काही अडत नाही."

"कुठं ठेवणार? जाऊ दे." आणि मग नेहमीच्या आवाजात, "रिजेक्ट."

मी ती थप्पी उचलून दाराशी नेऊन ठेवली. वाटलं, या माणसाला हे घर सोडायचं नाही म्हणून हा आपलं सगळं देऊन राहिला. माझ्या शब्दासाठी देऊन राहिला. त्या दिवशी मी त्यांच्या आवडीचं भरीत केलं, शेगडीवर वांगी भाजून.

आता प्रश्न होता की हे सगळं जाणार कुठं. ओळखीच्या एका वाचनालयात फोन केला तर तिथले गृहस्थ म्हणाले, "काकू, आमच्याकडचेच जुने अंक कोणाला द्यावे ते बघून राहिलो. तुम्ही घेता का?" मीच फोन ठेवला. शाळेत शिकवणारी एक नवी सून रांगोळ्यांची आणि भरतकामाची पानं घेऊन गेली. आमच्या जुन्या साखळीतल्या एक वहिनी अजून इथं आहेत, गोरखपुरातच पलीकडच्या गल्लीत. त्या ऑटो करून आल्या, दोन पिशव्या भरून घेतल्या, आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सगळंच काढून राहिल्या तुम्ही. चालल्या की काय?"

"चालते कुठं?" मी म्हटलं. "राहायला म्हणून तर काढून राहिले."

उरलेलं रद्दीत गेलं. दुसरं काय करणार? ठेलेवाला आला, काटा लावला. मी त्याला आधीच बजावलं, "भैया, इसकी पुड़िया नहीं बनानी."

"अरे अम्मा, अब पुड़िया कौन बनाता है? सब प्लास्टिक की पन्नी में देते हैं. ये तो सीधा पेपर मिल में जाएगा. गल जाएगा सब."

मी आत गेले, चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळेपर्यंत रडले. कोण कुठल्या बायकांनी लिहिलेलं, कोण कुठल्या घरांनी वाचलेलं, कोणाच्या हळदीचे डाग पडलेलं. सगळं गल जाएगा, सगळ्याचा लगदा. मग चहा ठेलेवाल्यालाही दिला, यांनाही दिला, आणि नंतर रागारागानं बोळकंडी धुऊन काढली. फिनाइल टाकून, खराट्यानं घासून. भिंतींचा खालचा रंग फिका हिरवा होता. मी तो साफ विसरले होते.

ठेला त्यानंतर पुष्कळदा आला. दर वेळी बोळकंडी थोडी रुंद झाली. आधी वॉकर तिरपा जायला लागला, मग सरळ. आणि यांच्यात असा काही फरक पडला की डॉक्टरही खूश. सकाळी माझ्याआधी उठून व्यायाम. आज बोळकंडीच्या टोकापर्यंत, उद्या फाटकापर्यंत. चेहरा खुलला, भूक वाढली. दाढी करताना गुणगुणायला लागले. मुलाशी फोनवर कधी पाच वाक्यं न बोलणारा माणूस आता माझ्या हातातून फोन घेऊन विचारायचा, "तुमच्या बिल्डिंगीची लिफ्ट बंद पडते का रे? खाली बाक आहेत का बसायला?" मला वाटायचं, बरं झालं, बापलेक बोलायला तरी लागले. माणूस आपल्या घरात, आपल्या माणसांत राहिला की कसा सुधारतो, असं मी त्या पलीकडच्या वहिनींना अगदी अभिमानानं सांगितलं होतं.

दिवाळीला घर मोकळं होतं. एक फळी तेवढी ठेवली, मधल्या खोलीत, हात पुरेल इतक्या उंचीवर. तिच्यावर निवडक अंक, काढलेल्या पानांची एक फाइल, आणि यांचे दवाखान्याचे कागद. बाकी नुसत्या भिंती. मी बोळकंडीत मोठा दिवा लावून घेतला होता.

धनतेरसच्या सकाळी मुलगा आला. सून आणि नात आधी तिच्या माहेरी जाणार होत्या, म्हणून एकटाच. बॅग पुढच्या खोलीत ठेवली, चपला काढल्या आणि थेट बोळकंडीत गेला. मी मागोमाग. तो मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून बघितले. मग वॉकर घेऊन स्वतः एकदा टोकापर्यंत जाऊन आला. वॉकरचा आवाज त्या रिकाम्या जागेत घुमत होता.

"आई, मान गए," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं हो. खरंच नव्हतं वाटलं." त्यानं मला जवळ घेतलं. "शब्द म्हणजे शब्द. राहा इथं आरामात. मी पुन्हा विषय काढणार नाही."

मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू! मी यांच्याकडे बघितलं. हे आपल्या खुर्चीवर बसले होते, मुलगा येणार म्हणून इस्तरीचा शर्ट घालून. मला वाटलं, हसतील. ते आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

"राहा म्हणजे?" ते म्हणाले. "आपण जाऊन नाही राहिलो?"

"कुठं?"

"पुण्याला."

मी मुलाकडे बघितलं, मुलानं माझ्याकडे.

"तू फोनवर म्हणत होती ना," ते मला म्हणाले, "दिवाळीपर्यंत सगळं मोकळं करते, एक कागद ठेवत नाही. मी ऐकलं. म्हटलं, ठरलं वाटतं जायचं. म्हटलं, चलो, बरं झालं."

"अहो, मी जायला नाही, राहायला म्हणून काढत होते! घर मोकळं झालं तर इथं राहायचं, असं बोलणं झालं होतं आमचं."

"मला कुठं माहीत?"

खरंच होतं. त्यांना कुठं माहीत? पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींना माहीत होतं. यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एवढे दिवस समोरासमोर उभं राहून आम्ही एकच काम केलं, एकच थप्पी खाली केली. मी राहायची तयारी करून राहिले होते आणि हे जायची.

मला एकदम राग आला. "मग बोलला काहून नाही तुम्ही? तोंडाला कुलूप होतं का? पुण्याला जायचं तर तसं म्हणायचं!"

"तुला जायचं आहे असंच वाटलं मला. मग मी काय म्हणायचं?"

"आणि तुम्हाला? तुम्हाला जायचं होतं?"

त्यांनी चश्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. मुलगा काही बोलणार होता, मी हातानं त्याला थांबवलं.

"मला भीती वाटते इथं," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. फॅक्टरीत काय काय तयार व्हायचं, काय काय तपासायला लागायचं, तेव्हाही नाही.

"त्या दिवशी मी हाका मारून राहिलो होतो. रस्त्यावरून माणसं जात होती, मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. एक जण तर फाटकाशी उभा राहून फोनवर बोलत होता. त्याला नाही ऐकू गेलं." मग ते माझ्याकडे वळले. "आता तू घाटावर गेली की मी दाराकडे बघत बसतो. तू येईपर्यंत न्हाणीघरात जात नाही. पाणीच पीत नाही सकाळी, म्हणजे जावंच लागू नये."

मी रोज जात होते घाटावर. अगदी आजही गेले होते. तिथं पाय बुडवून बसले की वेळेचं भान राहत नाही, येताना भाजी घेते, दोन गोष्टी करते, आणि घरी येऊन विचारते, चहा ठेवू का. आणि हे म्हणायचे, हो, ठेव.

मुलगा खाली बघत होता. म्हणाला, "बाबा, आपण एक माणूस ठेवू इथं. सकाळ-संध्याकाळ येईल. आईला इथंच राहायचं आहे ना."

हे लगेच म्हणाले, "हो, हो. तसं करू. माझं काय, होईल सवय." आणि वॉकर जवळ ओढून उठायला लागले, जणू काही झालंच नाही. मला ते सहन झालं नाही. रेडिओची मासिकं रिजेक्ट केली तेव्हा होता ना, अगदी तोच आवाज.

मला नाही जायचं, हे शब्द माझ्या ओठांवर होते. अजूनही आहेत. मला पुण्याचा राग आला, मुलाचा आला, त्या फाटकाशी उभं राहून फोनवर बोलणाऱ्या माणसाचा तर असा आला की समोर असता तर सोडला नसता. आणि यांचा सगळ्यात जास्त आला. पण मी त्यांच्या हाताखाली हात घातला आणि त्यांना परत खुर्चीवर बसवलं. तांब्या-भांडं आणून समोर ठेवलं. म्हटलं, आधी पाणी प्या, मी इथंच आहे. ते सगळा तांब्या प्याले. धनतेरसची सकाळ, बाहेर पोरं टिकल्या वाजवत होती, आणि हा माणूस घटाघट पाणी पीत होता.

मग मी मुलाला म्हटलं, "तिकीट बघ. बाबांना खालचा बर्थ लागेल."

"आणि तुला?"

"मला त्यांच्या समोरचा," मी म्हटलं. "मी दिसले पाहिजे त्यांना."